एकच अंधार, तीन देह: ‘एलियन्स व्हर्सेस प्रेडेटर’ कसा खेळावा

‘एलियन्स व्हर्सेस प्रेडेटर’ हा गेम पहिल्यांदा हाती घेणारे माझ्या पाहण्यातले बहुतेक खेळाडू एकच चूक करतात. मरीन म्हणजे माणसांचा सैनिक, भिंती-छतांवरून सरपटणारा परग्रही एलियन आणि अदृश्य होऊ शकणारा परग्रही शिकारी प्रेडेटर, या तीन पक्षांपैकी कोणताही पक्ष निवडला, तरी ते तो मरीनसारखाच खेळतात. आडोसा धरायचा, नेम लावायचा, गोळी घालायची आणि पुढे सरकायचे, ही इतर बंदुकीच्या गेमांमुळे हाताला लागलेली सवय त्यांच्याबरोबर एलियनच्या अंगातही शिरते आणि प्रेडेटरच्याही. मग एलियन भिंत सोडून जमिनीवरून थेट गोळ्यांत धावतो, प्रेडेटर उघड्यावर उभा राहून खांद्यावरची तोफ झाडत बसतो, आणि दोन-तीन संध्याकाळी वाया गेल्या की गेम अवघड असल्याचा शेरा मारून तो काढून टाकला जातो. खरे तर या गेममध्ये तीन निरनिराळे देह आहेत आणि प्रत्येक देहाची पाहण्याची, ऐकण्याची, चालण्याची रीत वेगळी आहे. ती रीत आधी शिकून घेतली, तर गेम मुळीच हटवादी नाही.

येथे विचार केला आहे तो फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या आवृत्तीचा. ती इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या रिबेलियन या स्टुडिओने तयार केली आणि सेगा कंपनीने संगणक, प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० यांसाठी प्रकाशित केली. याच स्टुडिओने १९९४ मध्ये अटारी जॅग्वारसाठी आणि १९९९ मध्ये संगणकासाठी याच विषयावर गेम केले होते, आणि त्या दोन्हींतही माणूस, एलियन व प्रेडेटर असे तीन पक्ष खेळता येत होते. मधला २००१ चा दुसरा भाग मात्र मोनोलिथ या स्टुडिओचा आहे. जुने भाग चांगलेच आहेत, पण नवख्याने २०१० च्या आवृत्तीपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जवळच्या हातघाईचे नियम तिच्यात तिन्ही पक्षांसाठी एकाच चौकटीत बसवलेले आहेत आणि एका पक्षाकडून शिकलेले दुसऱ्या पक्षाला कामी येते.

एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. हा गेम मुलांसाठी नाही. युरोपात त्याला अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठीचे मानांकन आहे, आणि ऑस्ट्रेलियात तर डिसेंबर २००९ मध्ये आधी वर्गीकरणच नाकारले गेले व नंतर पुनर्विचारात ते मिळाले. शिरच्छेद आणि चिरफाड यात अगदी जवळून दिसते. घरात लहान भाऊ-बहीण किंवा भाचरे असतील, तर दार लावून आणि हेडफोन घालूनच खेळावे.

यंत्र, खोली आणि आवाज

गेम जुना असल्यामुळे आजच्या साध्या लॅपटॉपवरही तो चालतो, आणि मोहिमा एकट्याने खेळायच्या असल्याने इंटरनेटची गतीही आड येत नाही. डायरेक्टएक्स, म्हणजे संगणकावर गेमचे चित्र रेखाटणारी प्रणाली, हिच्या ९ आणि ११ अशा दोन्ही आवृत्त्यांवर तो चालवता येतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर विचार न करता ९ निवडावे. ११ मध्ये एलियनच्या कातडीची आणि डोक्याची गोलाई अधिक रेखीव दिसते, पण अंधारात ती पाहण्याइतका वेळ एलियन आपल्याला देत नाही. चित्र अडखळत असेल, तर सर्वात आधी सावल्यांची गुणवत्ता कमी करावी आणि रिझोल्यूशनला शेवटी हात लावावा, कारण दूरच्या बोळातली बारीक हालचाल टिपण्यासाठी रेखीव चित्र लागते.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न उन्हाळ्याचा असतो. परभणीला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या वर असताना गादीवर ठेवलेला लॅपटॉप अर्ध्या तासात तापतो, पंखा घोंघावू लागतो आणि नेमका हल्ला सुरू असताना चित्र तुटू लागते. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवावा आणि त्याची मागची बाजू दोन चपट्या लाकडी तुकड्यांनी बोटभर उचलावी, म्हणजे खालून हवा खेळते. कूलरचा झोत मात्र थेट यंत्रावर घेऊ नये, त्या हवेत ओल असते. कूलरचा दुसरा त्रास आवाजाचा. या गेममध्ये कानांवर डोळ्यांइतकीच भिस्त असते, आणि कूलरच्या घरघरीत छतावरची खसखस पार बुडून जाते. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत आणि डावा-उजवा उलटा तर घातला नाही ना, हे एकदा तपासावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण मी स्वतः एक अख्खे मिशन उलटे हेडफोन घालून खेळलो आहे आणि प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला वळून मेलो आहे.

खोलीत उजेड नको. दिवसा खेळायचे असेल तर खिडकीवर गोधडी टाकावी. पडद्याचा उजळपणा ठरवण्यासाठी मरीनच्या पहिल्या मिशनमधला अंधारा बोळ वापरावा. टॉर्च बंद असताना दाराची चौकट जेमतेम ओळखू यावी, पण कोपऱ्यात काय आहे ते कळू नये, इतकाच उजळपणा योग्य. तो वाढवून सगळे स्पष्ट करून घेतले, तर गेमचा निम्मा अर्थच निघून जातो.

मोहिमांचा क्रम आणि काठिण्य

मुख्य पडद्यावर तिन्ही मोहिमा पहिल्यापासून खुल्या असतात. माझा क्रम मरीन, एलियन, प्रेडेटर असा आहे, आणि त्याला कारण आहे. तिन्ही कथा बीजी-३८६ नावाच्या एकाच ग्रहावर घडतात. माणसांची वसाहत, जंगल, रिफायनरी, प्राचीन अवशेष आणि वेलंड-युटानी कंपनीचे संशोधन केंद्र ही ठिकाणे पुन्हा पुन्हा येतात. मरीन म्हणून ज्या दारातून आपण जीव मुठीत धरून गेलेलो असतो, त्याच्यासारख्याच दाराच्या वर एलियन म्हणून आपण दबा धरतो, आणि तेव्हा समोरच्याला काय दिसते व काय दिसत नाही हे आपल्याला अंगानुभवाने माहीत असते. प्रेडेटरला दोघांचीही शिकार करायची असते, म्हणून त्याला शेवटी घ्यावे. उलट क्रमाने खेळले, तर प्रेडेटरच्या सामर्थ्याची चटक लागते आणि मग मरीनची असहायता कंटाळवाणी वाटू लागते.

काठिण्याच्या पायऱ्यांपैकी मधली, म्हणजे ‘नॉर्मल’, पहिल्या फेरीसाठी ठीक आहे. ‘हार्ड’ दुसऱ्या फेरीला घ्यावी. ‘नाईटमेअर’मध्ये चेकपॉइंट नसतात, मेल्यास मिशन मुळापासून सुरू होते. डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल, तर या पायरीच्या वाटेला जाऊ नये. माझी पाऊण तासाची मेहनत मिशनच्या अगदी शेवटच्या दालनात लाईट गेल्यामुळे मातीमोल झाली होती, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

मरीन: ट्रॅकर वाचायला शिकणे

देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मरीनची मोहीम लवकर समजते. तो वळणावळणाचा बोगदा शत्रूला गोंधळात टाकण्यासाठीच खोदलेला आहे. आत नेणारा वाटाड्या मध्येच मशाल बाजूला नेतो आणि आपल्याच हाताची बोटे आपल्याला दिसेनाशी होतात. त्या क्षणी कान टवकारतात, पाय जागच्या जागी थांबतात आणि छताकडून वटवाघळांची फडफड ऐकू येते. मरीनची स्थिती संपूर्ण मोहिमेत हीच असते, आणि तेथे आपण नकळत जे करतो, म्हणजे थांबतो, ऐकतो आणि मग पाऊल टाकतो, तेच येथे जाणीवपूर्वक करायचे असते.

मरीनचा खरा आधार मोशन ट्रॅकर हा आहे, बंदूक नव्हे. पडद्याच्या कोपऱ्यात तो सतत चालू असतो, हालचाल टिपली की ठिपका दाखवतो आणि टिकटिकतो. हलणारी वस्तू जवळ येईल तसा तो आवाज चढत जातो. त्याच्या दोन मर्यादा पहिल्या दिवशीच मनात पक्क्या कराव्यात. पहिली अशी, की तो फक्त हालचाल दाखवतो. भिंतीला चिकटून निश्चल बसलेला एलियन त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. दुसरी अशी, की त्याचे चित्र सपाट असते आणि त्यात उंची नसते. ठिपका अगदी समोर, दहा पावलांवर आहे आणि बोळ तर रिकामा दिसतो, अशी वेळ आली, की नवखा खेळाडू पुढे जाऊन पाहतो आणि वरून झडप पडते. ठिपका समोर आणि नजरेला काही नाही, याचा अर्थ शत्रू छतावर, जाळीखाली किंवा नळीत आहे असाच घ्यावा, आणि बंदुकीची नळी आधी वर न्यावी.

सरावासाठी पहिल्या मिशनमध्येच एक दालन निवडावे आणि ते एकदा फक्त कानांनी पार करून पाहावे. दारात उभे राहून तीन श्वास थांबावे, टिकटिक ऐकावी, फ्लेअर, म्हणजे जळती उजेडाची कांडी, दालनाच्या मध्यावर फेकावा, त्याच्या उजेडात छत आधी, कोपरे नंतर आणि जमीन शेवटी अशा क्रमाने नजर फिरवावी, आणि मगच आत पाऊल ठेवावे. फ्लेअर थोड्या वेळाने विझतो, पण तो संपेल म्हणून जपून ठेवण्याचे कारण नाही. हात सढळ ठेवावा. टॉर्च आपण पाहतो त्याच दिशेला उजेड देते, फ्लेअर मात्र आपण पाठ फिरवली तरी दालन उजळत ठेवतो, हा त्याचा मोठा उपयोग आहे.

शस्त्रांपैकी पल्स रायफल सर्वांत विश्वासू. गोळ्या तुटक झाडाव्यात आणि तिचे ग्रेनेड एकट्या एलियनवर वाया घालवू नयेत. शॉटगन अरुंद बोळासाठी उत्तम, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. एलियनचे रक्त आम्ल असते आणि अगदी जवळ फोडलेल्या एलियनचे शिंतोडे आपल्यालाच जाळतात. म्हणून गोळी घालताना एक पाऊल मागे घेण्याची सवय लावावी. स्मार्टगन शत्रूचा माग स्वतः धरते, त्यामुळे ती हाती आली की घाईने पळण्यापेक्षा पाठ भिंतीला लावून उभे राहावे. पिस्तुलाच्या गोळ्या संपत नाहीत, तेव्हा रायफलमध्ये थोड्याच गोळ्या उरल्या असतील, तर निपचित पडलेल्या एलियनसाठी पिस्तूलच काढावे.

हातघाईचे तीन वार

एलियन अंगावर आला की नेम लावत बसणे व्यर्थ असते. जवळच्या लढाईचा नियम तिन्ही पक्षांना सारखा लागू आहे आणि तो दगड-कागद-कात्रीसारखा फिरतो. हलका वार झटपट होतो आणि भारी वार उगारला जात असतानाच तो मोडतो. भारी वार सावकाश येतो, पण अडवणूक फोडतो. अडवणूक हलक्या वाराला थोपवते आणि समोरच्याचा तोल घालवते. कोणत्या किल्लीने काय होते ते सेटिंगमध्ये पाहून घ्यावे आणि बोटांना सोयीचे नसल्यास बदलावे. अडवणुकीची किल्ली तर्जनीला सहज लागेल अशीच असावी.

मरीनसाठी याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की बंदुकीचा दस्ता हे त्याचे जवळचे शस्त्र आहे. एलियन झेपावला की अडवावे, तो डगमगला की दस्ता हाणावा आणि तो सावरण्याच्या आत गोळी घालावी. या तीन हालचाली एका दमात येईपर्यंत पहिल्या चेकपॉइंटपासून पुन्हा पुन्हा खेळावे. मला त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर मात्र एकट्या एलियनची धास्ती राहिली नाही. दोन एलियन एकदम आले, तर मात्र हातघाईत पडू नये, दारात मागे सरावे म्हणजे ते एकामागून एक येतात.

एलियन: जमीन विसरणे

एलियनची मोहीम प्रयोगशाळेतून सुरू होते आणि ‘सिक्स’ या नमुन्याच्या देहात आपण वावरतो. हातात बंदूक नाही, ट्रॅकर नाही, पण भिंतीपलीकडच्या जिवांची आकृती आपल्याला जाणवते. मरीनला जे कधीच मिळत नाही, ते आपल्याला पहिल्या क्षणापासून मिळते: कोण कुठे आहे याचे ज्ञान. म्हणून घाई करण्याचे कारणच उरत नाही.

अडचण येते ती दिशेची. भिंतीवरून छतावर गेल्यावर वर-खाली यांचा ताळमेळ सुटतो, पहिल्या तासाला अनेकांना गरगरते आणि डोके दुखू लागते. यावर उपाय आहे. छतावर गेल्यावर लगेच धावू नये. खुर्ची, टेबल, पायऱ्या अशी जमिनीवरची एखादी वस्तू नजरेने शोधावी, तिच्यावरून जमीन कोणती हे मनात ठरवावे आणि मग सरकावे. माऊसचा वेग मरीनसाठी ठेवला होता त्यापेक्षा थोडा वाढवावा. रिकाम्या दालनात जमीन, भिंत, छत, समोरची भिंत आणि पुन्हा जमीन अशी दहा-पंधरा प्रदक्षिणा घातल्या की देह हाताखाली येतो. तरीही गरगरत असेल, तर बैठक अर्ध्या तासाची ठेवावी. दोन दिवसांत सवय होते.

शिकारीचा क्रम मी असा ठरवला आहे: आधी दिवे, मग एकटा माणूस, मग घोळका. शेपटीच्या फटकाऱ्याने दिवे फोडता येतात आणि उजेड गेला की मरीन आंधळा होतो, आपण नाही. फूत्कार टाकला की एखादा मरीन चौकशीला येतो. तो घोळक्यापासून तुटला आणि वळण ओलांडून आला, की मागून उतरावे. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. मागून धरून मारण्याची क्रिया लांबलचक असते आणि तेवढा वेळ आपण जागचे हलू शकत नाही. दुसरा मरीन त्या जागेवर नजर ठेवून असेल, तर ती शिकार सोडून द्यावी. समोरून हल्ला करण्याची वेळ आलीच, तर दोन पंजे मारून लगेच भिंतीवर चढावे आणि अंधारात थांबावे. काही क्षणांत जखमा भरून येतात. त्या काही क्षणांचा धीर ज्याला धरता येतो, त्याचाच एलियन टिकतो.

प्रेडेटर: आधी पाहणे, मग उतरणे

प्रेडेटरच्या मुखवट्यात नजरेचे प्रकार आहेत आणि ते बदलत राहणे हेच त्याचे मुख्य कौशल्य आहे. उष्णतेच्या नजरेत माणूस अंधारातही निखाऱ्यासारखा उठून दिसतो, पण एलियन तिच्यात दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळी नजर आहे. नवखा खेळाडू उष्णतेच्या नजरेच्या प्रेमात पडतो, तीच लावून जंगलातून हिंडतो आणि एलियन त्याच्या पायाशी येऊन पोहोचतो. नवी जागा दिसली की दोन्ही नजरांनी एकदा पाहून घ्यावे, मगच उडी मारावी. अदृश्य होण्याच्या कवचाबाबतही असाच गैरसमज असतो. मरीन त्याने फसतात, एलियन फसत नाहीत.

उडीची किल्ली दाबून धरली की उतरण्याची जागा पडद्यावर दिसते. झाडाच्या फांदीवरून, कड्यावरून किंवा छताच्या कठड्यावरून आधी सगळा परिसर न्याहाळावा, पहारेकरी मोजावेत आणि सर्वांत कडेचा निवडावा. प्रेडेटरला माणसांचा आवाज काढून एखाद्या मरीनला हव्या त्या जागी बोलावता येते. ती जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: ती इतरांच्या नजरेआड असावी, आणि आपल्या उडीच्या टप्प्यात असावी. मरीन तेथे जाऊन पाठमोरा उभा राहिला, की मनगटावरची पाती पुरेशी असतात. खांद्यावरची तोफ ऊर्जेवर चालते आणि ती ऊर्जा ठिकठिकाणी भिंतींवर बसवलेल्या यंत्रांतून भरून घ्यावी लागते. म्हणून तिला मारण्याचे पहिले हत्यार समजू नये, ती अडचणीतून सुटण्यासाठी राखून ठेवावी.

एलियनशी गाठ पडल्यावर वर सांगितलेला तीन वारांचा नियम प्रेडेटरला पूर्णपणे वापरता येतो. मरीनप्रमाणे त्याला मागे सरत राहावे लागत नाही, एलियनचा हलका वार अडवून तो जागीच उत्तर देऊ शकतो.

मित्रांबरोबर

बहुखेळाडू प्रकारांपैकी तीन लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘सर्व्हायव्हर’मध्ये चारपर्यंत मरीन मिळून लाटांमागून लाटांनी येणाऱ्या एलियनांना तोंड देतात. येथे प्रत्येकाने एकच दिशा वाटून घ्यावी आणि एकाने केवळ छत पाहावे. ‘प्रेडेटर हंट’मध्ये प्रेडेटरला मारणारा मरीन पुढचा प्रेडेटर होतो, त्यामुळे जखमी प्रेडेटरवर सगळे एकदम तुटून पडतात आणि पाठी उघड्या टाकतात.

सर्वांत रंगतो तो ‘इन्फेस्टेशन’. सुरुवातीला एकच एलियन असतो, बाकीचे मरीन. मारला गेलेला प्रत्येक मरीन एलियन होऊन परत येतो. एलियन वाट्याला आला, तर कळपापासून मागे पडणाऱ्याला आधी गाठावे, कारण पहिला जोडीदार मिळेपर्यंतच आपण दुबळे असतो. शेवटचा मरीन म्हणून उरलो, तर उंच छताच्या दालनातून ताबडतोब बाहेर पडावे, ठेंगण्या छताचा आणि एकच दार असलेला कोपरा शोधावा, फ्लेअर दाराबाहेर टाकावा आणि पाठ भिंतीला लावून ट्रॅकरकडे लक्ष ठेवावे. मात्र दारापलीकडे थांबलेले सगळे काही मिनिटांपूर्वी आपल्याच बाजूला होते, ट्रॅकरला काय दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते हलणार नाहीत, हे धरूनच बंदूक दारावर रोखलेली ठेवावी.